केबिनमधला सिरिल

बसा. दिव्याजवळची खुर्ची घ्या, ती जास्त ऊबदार आहे. तुम्ही त्या लहान मुलांच्या आगगाडीच्या मालिकेतले लपवलेले बारकावे विचारायला आलात, हे पत्रात वाचलं होतं. बरेच जण येतात. कोणत्या दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव रंगवलं होतं, डोंगर कशाचा होता, हे सगळ्यांना हवं असतं. डोंगर भुशाचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा होता. मीच रंगवला. पण तुम्ही दारातून आत येताना मला जे म्हणालात, त्यामुळे आज वेगळंच सांगावंसं वाटतंय.

आमचा स्टुडिओ म्हणजे नदीकाठची एक पत्र्याची शेड. आत खिडकी नाही. दुपार आणि मध्यरात्र सारखीच. टेबलांवर रूळ, बोगदा, चार स्टेशनं. एका फळीवर इंजिनांचे चेहरे ओळीनं मांडलेले, हसरा, रुसलेला, झोपाळलेला. प्रसंग बदलला की चेहरा बदलायचा. डोळे मात्र इंजिनातच असत, दुरून बटणानं फिरायचे. त्यामुळे फळीवरच्या चेहऱ्यांना डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे पाठ करून जेवायला जमत नसे. मग सवय व्हायची.

कॅमेऱ्याला कधी दिसणार नाही अशा जागी प्रत्येकानं आपल्यासारखीच दिसणारी एक बाहुली डिंकानं चिकटवायची, ही आमची रीत. करंगळीच्या पेराएवढी, पाठ कॅमेऱ्याकडे. डग, म्हणजे आमचा रूळ सांभाळणारा, मालधक्क्याच्या छपरावर पाय सोडून बसला होता. मी लाल रुमाल बांधून शेवटच्या डब्यात, एकटी. आणि सिरिल हॅस्कम, आम्हा सगळ्यांचा गुरू, सिग्नलच्या केबिनमध्ये. त्या केबिनचं छप्पर उचललंत तर आत चहाची किटली, डाग पडलेला कप, खुंटीवर तपकिरी कोट. टीव्हीवर यातलं काही कधीच दिसलं नाही. "दिसायला कशाला हवं?" सिरिल म्हणायचा, "आपल्या घरात काय आहे ते रस्त्यावरच्या लोकांना दिसतं का?"

आणि कुणी नोकरी सोडली की बाकीच्यांनी त्याची बाहुली काढून, पबमध्ये नेऊन, बिअरच्या ग्लासाशेजारी त्याच्या हातात द्यायची. "उतरलास बाबा," म्हणायचं. तोवर दुसऱ्याच्या बाहुलीला हात लावायचा नाही.

सिरिलनं नोकरी सोडली नाही. तो घरी, जेवता जेवता गेला. आम्ही सगळे अंत्यसंस्काराला गेलो, रडलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शूटिंगला लागलो. बाहुलीचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आलं ते त्याच्या बायकोच्या. म्युरिएलला भेटायला मी केक घेऊन गेले, तर बाई वाळून काडी झालेली. टेबलावर दोन माणसांची ताटं मांडलेली होती.

"जॅनिस, तो रोज येतो गं," ती हळूच म्हणाली. "त्याच्या वेळेला फाटकाची कडी वाजते. पावलं दारापर्यंत येतात... आणि परत जातात. मी दार उघडते, तर कुणी नाही."

"वारा असेल, म्युरिएल."

"चाळीस वर्षं मी त्या पावलांसाठी चहा टाकलाय. वारा मला शिकवू नकोस." मग तिनं माझा हात धरला. "त्याची बाहुली अजून तिथेच आहे ना? तुम्ही त्याला उतरवलंच नाहीत. मग त्याची सुट्टी होणार कशी? तेवढी आणून दे गं. मला झोप नाही."

मला लाज वाटली. आणणं काय अवघड होतं? शनिवारी दुपारी, शूटिंग नसताना, मी आगपेटीत कापूस घालून शेडवर गेले. बाहेर बर्फाळ पाऊस भुरभुरत होता. आत डग एकटाच रुळांना तेल देत बसलेला, टेबलावर एकच दिवा. धूर काढायच्या यंत्राचा तेलकट वास, डिंकाचा वास, नेहमीचंच.

मी केबिनचं छप्पर उचललं. किटली होती, कप होता. खुर्ची रिकामी होती, आणि खुंटीवर कोट नव्हता.

"डग, सिरिल कुठाय?"

"चेष्टा करू नकोस."

"बाहुली रे. तू काढलीस?"

तो उठून आला, वाकून बघितलं आणि तेलाचा हात पॅन्टला पुसत म्हणाला, "आईशप्पथ, मी नाही. आणि सिरिलचा डिंक किती पक्का... ओढली असती तर ती खुर्चीसकट तुटली असती."

आम्ही सगळी टेबलं धुंडाळली. शेवटी डगनं दिवा बोगद्याअलीकडच्या गाडीजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. शेवटच्या डब्यात, माझ्या लाल रुमालासमोर, तपकिरी कोट घातलेला माणूस बसला होता. टोपी मांडीवर. आमच्या सगळ्या बाहुल्यांची पाठ कॅमेऱ्याकडे, पण याचं तोंड खिडकीकडे होतं. आमच्याकडे.

तेव्हा मला सिरिलच्या पाइपच्या तंबाखूचा वास आला. डगलाही आला असावा, त्यानं मान वळवून दाराकडे बघितलं.

मी डब्याचं छप्पर उचलायला गेले. हलेना. डगनं खिशातली पातळ सुरी काढली, पुन्हा मिटली.

"सिरिलचं काम आहे. माझ्यानं नाही तोडवत."

"मग म्युरिएलला काय सांगू? ती रोज दोन ताटं मांडते रे."

त्यानं सुरी खिशात टाकली. "कोट घालून गाडीत बसलाय, म्हणजे घरीच निघालाय ना तो? गाडीच बंद आहे बिचाऱ्याची. चल, सोडून येऊ त्याला."

हसण्यासारखंच होतं, पण मला हसू आलं नाही. डगनं बटण फिरवलं. गाडी हळूहळू निघाली, सिरिलनं बनवलेल्या पुलावरून, मी रंगवलेल्या शेतांतून. बोगद्यात शिरली. आतून चाकांचा आवाज येत राहिला... जरा जास्तच वेळ येत राहिला. मग ती पलीकडे निघाली आणि शेवटच्या स्टेशनात येऊन थांबली.

  डगचा स्वभावच तसा, भीती वाटली की विनोद करायचा. त्यानं गार्डासारखा तोंडाशी हात धरला आणि खड्या आवाजात पुकारलं, "शेवटचं स्टेशन! सगळ्यांनी उतरा!"

कुठेतरी अगदी बारीक आवाज झाला. दाराची कडी निघावी तसा.

मी छपराला हात लावला, तर ते अलगद वर आलं. आत बाकावर डिंकाचा एक वाळका ठिपका. समोरच्या बाकावर दुसरा.

"गेला," डग हसत म्हणाला. मग त्याचं हसू उतरलं. "जॅनिस... तुझी कुठाय?"

"पडली असेल धक्क्यानं," मी म्हणाले. आम्ही टेबलाखाली रांगत शोधलं. नाही सापडली. "नवी करून देतो," डग म्हणाला. मी नको म्हटलं. का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी म्युरिएलचा फोन आला. तिचा आवाज इतका मोकळा कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

"आला गं! काल संध्याकाळी कडी वाजली, दार वाजलं, जिन्याखाली बूट काढल्याचा आवाज आला, त्याची खुर्ची करकरली. मग सगळं शांत. मी सकाळपर्यंत गाढ झोपले. देव तुझं भलं करो."

माझे डोळे भरून आले. खरंच, इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

"पण तू अशी काय गं?" ती पुढे म्हणाली. "फाटकापर्यंत येऊन आत का नाही आलीस? लाल रुमाल बांधून तिथेच उभी. मी खिडकीतून हाक मारली, चहाला ये म्हटलं, तर नुसती बघत राहिलीस."

त्या संध्याकाळी मी माझ्या घरात डोकं दुखतं म्हणून पडून होते. पण ते तिला सांगितलं असतं तर तिची झोप पुन्हा उडाली असती.

"उशीर होत होता, म्युरिएल," मी म्हणाले.

म्युरिएल पुढे पुष्कळ वर्षं जगली, सुखानं. मी कधी तिला खरं सांगितलं नाही. सिरिलला आपलं घर ठाऊक होतं, तो गेला. दुसरीला, म्हणजे माझ्या बाहुलीला, कुठे जायचं ते कळलं नसावं. डगच्या पुकाऱ्यानं तिची सुट्टी झाली, पण मी तर कामावरच होते. मग कधी पोस्टातली बाई म्हणायची, "काल हात केला, तुम्ही बघितलंही नाही." कधी कुणी मला बस थांब्यावर बघायचं, मी स्वयंपाकघरात असताना. दर वेळी जागा माझ्या घराच्या थोडी जवळची असे. घाई तिला कसलीच नव्हती.

आता तुम्हाला कळलं असेल. मघाशी आत येता येता तुम्ही कोट झटकत म्हणालात, "एवढ्या थंडीत फाटकापाशी कशाला उभ्या राहिलात? आणि माझ्याआधी आत कशा पोचलात?"

दुपारच्या चहापासून मी या खुर्चीतून उठलेली नाही. दार उघडंच होतं, म्हणून तुम्हाला हाक मारून आत घेतलं.

तेवढा चहा संपवा. जाताना फाटकाची कडी नीट लावा. आणि ती अजून तिथे असली, तर आपण सभ्य माणसं म्हणतो तसं तिला "आत चला ना" मात्र म्हणू नका.