टोपी टांगलेलं शिंग

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला थट्टा वाटते, त्याने खुशाल पुढचं वाचू नये.

रात्र नव्हती, स्मशान नव्हतं. मे महिन्यातली लख्ख दुपार होती. जागा वायोमिंगमधल्या स्टार व्हॅलीच्या मागचा डोंगर, टिंकर ओढा. ज्या कोर्लाने हे भोगलं ती माझ्या शेजारी राहते, आणि ती थापा मारणारी बाई नाही.

हिवाळ्यात तिथल्या हरणांची शिंगं गळून पडतात. बर्फ वितळला की अर्धं गाव ती गोळा करायला डोंगरात पळतं. त्या दिवशी कोर्लाही गेली होती, डॅलिनबरोबर. डॅलिन म्हणजे तिच्या भावाचा, आर्वेलचा, जिवलग दोस्त.

आर्वेल दोन वर्षांपूर्वी याच डोंगरातून परत आला नव्हता.

तेव्हाही बरोबर डॅलिनच होता. तो एकटाच खाली आला आणि सगळ्यांना एकच सांगत राहिला... खालच्या उतारावर ओढा ओलांडताना पाय घसरला, मी हात पुढे केला, पण पाण्याने नेलं. माणसांनी खालचा सगळा ओढा धुंडाळला. काही सापडलं नाही. आईने रिकामी शवपेटी पुरायला साफ नकार दिला. तेव्हापासून कोर्लाच्या जिवाला एकच घोर होता. भावाचं काहीतरी घरी आणायचं. एखादं हाड, एखादं बटण, काहीही.

डॅलिनला वेगळाच घोर होता. त्याच्या पाठपिशवीला एक अजस्र शिंग बांधलेलं होतं. उजव्या बाजूचं, एक काटा उलटा खाली वळलेला. ते त्याला पलीकडच्या डोंगरात सापडलं म्हणे. आता त्याला त्याचं डावं हवं होतं. जोडी लागली की भिंतीवर लावीन आणि गावाला जळवीन, असं तो वाटेत दहादा म्हणाला.

"उजवं पलीकडे सापडलं, तर डावं इथे कशाला शोधतोयस?" कोर्लाने सहज विचारलं.

"हरीण आहे ते गं. भटकतं."

तो हसला. आणि पाठीवरचं शिंग आवळत पुढे निघाला.

दुपारी त्यांनी ओढ्यात गळ टाकले. वितळलेल्या बर्फाचं पाणी धो धो वाहत होतं, तरी खडकाआडच्या डोहात ट्राउट लागले. गळ्याखाली तांबडी रेघ असलेले, तिथले नेहमीचे. मासे गवतावर टाकून दोघं टेकाडावर चढले. पुढच्या शिकारीच्या मोसमासाठी हरणं कुठे चरतात ते दुर्बिणीतून बघायचं होतं.

एकही हरीण नव्हतं.

पाखरूसुद्धा नव्हतं.

आणि मग...

टक्. टक् टक्.

शिंगावर शिंग आपटल्याचा आवाज. नोव्हेंबरात नर झुंजतात तेव्हा तो येतो. शिकारीही शिंगं आपटून त्यांना बोलावतात. पण मे महिन्यात एकाही नराच्या डोक्यावर धड शिंग नसतं.

डॅलिनने दुर्बीण खाली केली. कुणी पोरंबिरं असतील, म्हणाला. पण पायथ्याशी त्यांच्या गाडीशिवाय दुसरी गाडी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ते खाली आले. मासे जागेवरच होते, पण कसेही टाकलेले नव्हते. ओळीने मांडलेले होते... सगळ्यांची डोकी ओढ्याच्या वरच्या दिशेला.



आर्वेल मासे असेच ठेवायचा. बिचाऱ्यांना घराकडे तोंड करून राहू दे, म्हणायचा.

ती ओढ्याच्या वरच्या बाजूला चालू लागली. डॅलिन मागून सांगत होता, वर काही नाही, उगाच पाय तोडून घेऊ नकोस. सकाळपासून त्याने सगळा डोंगर पालथा घातला होता. फक्त ही बाजू सोडली होती. ते तिला आत्ता लक्षात आलं.

वळणावर फरचं एक जुनं झाड होतं. त्याच्या बेचक्यात शिंग अडकवलेलं होतं. डावं. एक काटा उलटा, खाली वळलेला.

आणि शिंगावर टोपी होती.

कानाशी आईने निळ्या दोऱ्याने शिवलेली. आर्वेलची टोपी.

ओझं फार झालं की आमच्याकडचे लोक शिंग झाडाला लावतात आणि वर आपली टोपी टांगून जातात. ज्यावर टोपी, ते त्याचं. मग ते दहा वर्षं तिथे राहिलं तरी कुणी हात लावत नाही. चोरसुद्धा लावत नाही.

म्हणजे आर्वेल इथवर आला होता. डॅलिनने ही जागा कधी सांगितलीच नव्हती; खालच्या उतारावर आर्वेल पोचलाच नव्हता. आणि माणसांनी त्याला भलतीकडेच शोधलं होतं.

कोर्ला वळली. डॅलिन तिच्याकडे बघतच नव्हता. तो शिंगाकडे बघत होता.

"टोपी आहे त्यावर," ती म्हणाली.

"मेलेल्या माणसाची कसली टोपी?"

त्याने टोपी उचलून फेकली. डावं शिंग ओढून काढलं, पाठीवरचं उजवं सोडलं, आणि जोडी लागल्यावर सगळे करतात तसं दोन्ही एकमेकांवर आपटलं.

टक्.

वरच्या झाडीतून उत्तर आलं... टक्.

मग अगदी जवळून. टक्.

आणि ओढ्याचा आवाज बंद झाला.

पाणी वाहत होतं. फेस उडत होता. पण आवाज नव्हता.

झाडाखाली सावलीत उरलेल्या बर्फावर पावलं उमटू लागली. एक... दुसरं... प्रत्येक पावलात पाणी साचत होतं. पाय मात्र कोर्लाला दिसले नाहीत.

डॅलिनला दिसत असावेत. तो मागे सरत होता, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते कोर्लासाठी नव्हतं.

"आर्वेल, मी ढकललं नाही रे तुला. तू पाण्यातून हे उजवं शिंग पुढे केलंस... मी शिंगच धरलं. तुझा हात धरायला हवा होता. चुकलं माझं."

पावलं थांबली नाहीत.

डॅलिनचा पाय काठावरून निसटला. तो कमरेपर्यंत पाण्यात गेला. डावं शिंग काठावर पडलं, उजवं हातात होतं. त्याने ते कोर्लाकडे पुढे केलं.

"धर! कोर्ला, ओढ!"

तिने धरलं.

शिंग तिच्या हातात आलं. डॅलिन आला नाही.

तो निसटला, की तिने हिसका दिला? मी एकदाच विचारलं. ती पुन्हा भांडी घासू लागली.

त्याच क्षणी ओढ्याचा आवाज परत आला. कोर्लाने जोडी झाडाला लावली. फेकलेली टोपी शोधून वर टांगली. आईसाठी ती न्यावी म्हणून जीव तुटत होता, पण नेली नाही. त्याची वस्तू होती, त्याने राखलेली होती.

खाली येऊन तिने पोलिसांना सांगितलं, "खालच्या उतारावर ओढा ओलांडताना पाय घसरला. मी हात पुढे केला, पण पाण्याने नेलं."

शब्द न् शब्द तेच. माणसांनी पुन्हा खालचा ओढा धुंडाळला.

खरं तर इथे संपायला हवं होतं. दोस्ताने दगा दिला, दोस्ताला फळ मिळालं.

पण ऑक्टोबरात एका सकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. आवाजात आनंद मावत नव्हता. "कोर्ला, आर्वेल आला वाटतं गं रात्री. टोपी ठेवून गेलाय बघ."

दाराशेजारच्या खुंटीवर टोपी होती. निळ्या दोऱ्याची.

टोपीखाली कोर्लाचा कोट होता. तोच, त्या दिवशी अंगात घातलेला.

ज्यावर टोपी, ते त्याचं.

आई आता रोज आर्वेलचं ताट वाढते. कोर्ला तो कोट घालत नाही. टोपीही काढत नाही. दुसऱ्याची टोपी काढली की काय होतं, ते तिने पाहिलंय.

मी गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो होतो. टोपी अजून तिथेच आहे.

खाली फरशीवर पाणी साचलं होतं.