सावलीची वाटणी

मी पुन्हा एकदा धाडकन पडले, तेव्हा मैदानाच्या टोकाकडून कुणीतरी धावत आलं.

"हलू नका," धापा टाकत तो म्हणाला. "पाणी आणू? बरोबर कुणी आहे का तुमच्या?"

मी गवतात उताणी पडून त्याच्याकडे बघत राहिले. उन्हाने रापलेला चेहरा, खांद्यावर दोराचं भेंडोळं, आणि डोळ्यांत इतकी खरी काळजी, की उठावंसंच वाटेना.

"मला काही झालेलं नाही. मी मुद्दाम पडतेय."

"मुद्दाम…"

"मी ज्यूदो शिकवते. सुट्टीत इथे मुलांचं शिबिर आहे. मुलं दिवसभर आपटणार. जमीन कशी लागते ते आधी मी बघायला नको?"

त्याने जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कशी लागते?"

"इथली बरी आहे. उताराकडची थेट हाडाला भिडते."

"मग उताराकडे मी पडून बघतो," तो गंभीरपणे म्हणाला. "एकाच माणसाच्या मतावर कसं चालायचं?"

मी हसले. तिथेच माझं काहीतरी चुकलं असणार.

तो तंबूवाला होता. ज्यूदोचा क्लास माझ्या काकांचा, शिबिरही त्यांचंच, आणि तंबूंचं काम त्यांनी याला दिलं होतं ते मला सांगायचं विसरून. मैदानात झाडं फक्त एका कडेला होती. मला तिथे आखाडा हवा होता, त्याला तिथे तंबू. त्या सावलीवरून आमची जी जुंपली, ती पुढचे कित्येक दिवस मिटली नाही. खरं सांगायचं तर, मिटावी अशी दोघांचीही इच्छा नव्हती.

संध्याकाळचा क्लास सुटला की तो यायचा. आम्ही मॅटवर बसून मैदान मांडायचो. मुलांच्या विसरलेल्या चपला म्हणजे तंबू, माझा पट्टा म्हणजे कुंपण.

"तुमची चप्पल माझ्या आखाड्यात आली," मी म्हणायचे.

"तुमचा आखाडाच वाढतोय, मॅडम," तो म्हणायचा आणि चप्पल तसूभर सरकवायचा. सरकवताना बोटं बोटांना लागायची… मग दोघंही फारच लक्ष देऊन कुंपणाकडे बघायचो.

एवढं सगळं होतं, पण आम्ही 'तुम्ही'च्या पुढे गेलो नव्हतो. तू म्हणायला माझी जीभच वळत नव्हती.

आणि मग माझी मावसबहीण आली. काठी फिरवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून काकांनीच तिला शिबिरासाठी बोलावलं होतं. धाकटी माझी फार लाडकी. पहिल्या संध्याकाळी मॅटवर फतकल मारत ती त्याला म्हणाली, "ए, तुझे तंबू वाऱ्यात उडत नाहीत ना रे?"

ए. तुझे. रे.

"उडाले तर तुझ्या काठीला बांधू," तो म्हणाला. दोघं खदखदून हसले. मी कुंपण सरळ करत बसले.

त्यानंतर मी कान देऊन ऐकायला शिकले. ती आली की त्याला गोष्टी सुचायच्या. ती त्याच्या पाठीवर थाप मारायची. माझ्याशी मात्र तो अडखळायचा, वाक्य अर्धं सोडायचा, दोराची गाठ सोडून पुन्हा बांधायचा. मी रात्री कूस बदलत ती थाप आठवायचे. थाप साधी होती. पण मनात विंचू शिरला की साधं काही उरत नाही.

शिबिराच्या आदल्या आठवड्यात मी जाहीर केलं, "काठीचा आखाडा उताराकडे राहील. काठी फिरते, मुलांना लागायला नको."

"तिकडे दिवसभर ऊन असतं," तो हळूच म्हणाला. "आणि तिकडून तंबू दिसतसुद्धा नाहीत."

"ट्रेनर मी आहे की तुम्ही?"

धाकटी म्हणाली, "ताई सांगेल तिथे," आणि माझ्या खांद्यावर मान टेकवली. तरी मी जागा बदलली नाही.

सराव पाहायला काका मैदानावर आले, त्या दुपारी धाकटी उतारावर काठी फिरवत होती. झाडाखाली आता तंबू उभे होते; तिथून मी उताराकडे निघाले होते, आणि तो दोर घेऊन माझ्या पुढे चालला होता. एकाएकी काठी निसटून लांब गेली, आणि ती गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली. मी पोचायच्या आत त्याने तिला उचललं होतं.

तंबूत त्याने तिच्या कपाळावर ओला कपडा ठेवला, मानेखाली हात दिला. आणि मी, तिची ताई, त्या हाताकडे बघत होते. त्या क्षणीसुद्धा. मला माझीच किळस आली.

डॉक्टर येऊन गेले. ऊन लागलं होतं, भीतीचं कारण नव्हतं. काका मात्र पांढरेफटक पडले होते.

"हिच्या जागी एखादं लेकरू असतं तर? उन्हात आखाडा नेण्याची अक्कल कुणाची? शिबिर रद्द."

"चूक माझी," तंबूवाला म्हणाला. "सावली माझ्या तंबूंनी अडवली."

हे मला सोसलं नाही. "नाही काका. आखाडा मी नेला."

"का?"

"मुलांना लागू नये म्हणून, असं सांगितलं होतं. खरं कारण ते नव्हतं." मी धाकटीकडे बघितलं. "ही ह्यांच्याशी हसायची, ते मला बघवत नव्हतं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तंबूवाला बाहेर निघून गेला.

खाटेवरून धाकटीचा बारीक आवाज आला. "ताई, नुसतं सांगितलं असतंस तर मी त्याला राखीसुद्धा बांधली असती. मला उन्हात कशाला वाळत घातलंस?"

मी तिच्या कुशीत तोंड खुपसून रडले. ती माझे केस थोपटत म्हणाली, "मी रागावलेय. दोन-चार दिवस रागावूनच राहणार आहे. आता जा, तो खुंट्या उपटतोय."

काका पाठमोरे उभे होते. "संध्याकाळपर्यंत सगळे आखाडे सावलीत आले, तर बघू शिबिराचं," एवढंच म्हणाले.

बाहेर तो खरंच खुंट्या उपटत होता. झाडाखालचे सगळे तंबू उतरत होते.

"चाललात?" मी विचारलं.

"तंबू उन्हात नेतोय. दुहेरी कापड लावेन, आत गारवा राहील. सावली आखाड्यांना." त्याने वर पाहिलं नाही. "हे मी पहिल्याच दिवशी करू शकलो असतो. पण मग भांडायला काय उरलं असतं?"

"तिच्याशी इतकं बोलता… माझ्याशी का नाही?"

"तिच्याशी चुकलो तर काय बिघडणार होतं?" तो थांबला. "तुझ्याशी चुकायची भीती वाटते."

तुझ्याशी. ते कानात जाऊन पोचायला थोडा वेळ लागला.

"चुकलास तरी चालेल," मी म्हणाले. "आज माझ्याइतकं कुणी चुकलेलं नाही."

तो हसला, आणि दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही तंबू उन्हात नेला, उभा केला, दोर ताणून धरला. त्याचा हात माझ्या हातावर होता, आणि या वेळी आमच्यापैकी कुणीही कुंपणाकडे बघितलं नाही.

"अरे, एका दोराला दोन माणसं कशाला?" काकांचा आवाज लांबून आला. "बाकीचे तंबू कोण हलवणार?"

"येतो काका," तो ओरडून म्हणाला. दोर मात्र दोघांनीही सोडला नाही.