न टोचलेली बाजू

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी भाई गिरकरांनी उजवा पाय गुडघ्यात वाकवला, कॉटवरून उतरले आणि सिस्टर फ्लाव्हियाच्या हुकुमावरून बाथरूमपर्यंत चालत गेले. सव्वादोनला परत आले. दोन पस्तीसला त्यांचा रक्तदाब सत्तरवर आला होता, कपाळ घामाने निथळत होतं, आणि कंबरेत कोणीतरी पहार घातली आहे असं ते सांगत होते.

त्यांना चालायला लावण्यात फ्लाव्हियाचं काहीही चुकलं नव्हतं. भाईंची अँजिओप्लास्टी उजव्या मनगटातून झाली होती. हृदयापर्यंत नळी न्यायच्या वाटा दोन, मनगटातली धमनी नाहीतर जांघेतली. जांघेतली जाड आणि सोपी. पण नळी काढल्यावर वीस मिनिटं ती जागा बोटांनी दाबून धरावी लागते आणि पुढे सहा तास पाय सरळ. रक्त आतल्या आत झिरपलं तर बाहेर थेंबही दिसत नाही आणि माणूस हातचा जातो. मनगटाचं तसं नाही. हवा भरलेला पट्टा बांधला की झालं, पेशंट थोड्या वेळात उठून चहा मागतो. म्हणून कुडाळजवळच्या हायवेलगतच्या त्या हॉस्पिटलात डॉ. कौस्तुभ धुरी मनगटाशिवाय दुसरीकडे बघतही नसत. रिकव्हरी वॉर्डची इन्चार्ज फ्लाव्हिया फर्नांडिस. वय एकावन्न, नर्सिंगमध्ये अठ्ठावीस वर्षं, आणि 'मनगटाचा पेशंट लोळत पडता कामा नये' हा तिचा वॉर्डातला कायदा.

तो कायदा मोडायला सुरुवात झाली त्याला पंधरा दिवस झाले होते.

पहिल्या वालावलच्या नर्मदाबाई. मनगटाचा पट्टा सैल झाला, तरी बाई ताठ आडव्या, उजवा पाय काठीसारखा सरळ.

"नर्मदाबाय, उठा बघू. पायाक काय एक झाला नाय तुमच्या."

"ती म्हणाली पाय वाकडो करू नको."

"कोण ती?"

"माका काय म्हायत? तुमचीच कोण ती. डोक्याकडसून बोलली, तोंड नाय दिसला."

फ्लाव्हियाने रसिकाला बोलावलं. रसिका कणकवलीची नवी नर्स, नोकरीला लागून आठ महिने झालेली, आणि जांघेच्या पेशंटच्या सूचना मनगटाच्या पेशंटला ऐकवणं हे तिच्याकडून होण्यासारखं होतं.

"सिस्टर, मी काहीच बोलले नाही."

"मग भिंत बोलली? आणि रडू नकोस, आधी त्यांना उठव."

दुसऱ्या दिवशी दोन पेशंट तसेच. तिसऱ्या दिवशी एक. सगळ्यांचं वाक्य तेच, पाय वाकडा करू नको. फ्लाव्हियाने पाळ्या बदलल्या, आयांना तंबी दिली, दाराला मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'मनगटातून प्रोसिजर झालेल्यांनी पाय हलवण्यास हरकत नाही.' त्या दिवशी बेळगावचा एक ट्रक ड्रायव्हर पाय ताणून पडलेला सापडला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्याला सूचना कन्नडमधून मिळाली होती. वॉर्डात कन्नड येणारं कोणी नव्हतं.

शेवटी वैतागून ती स्वतःच एका पेशंटच्या उशाशी स्टूल टाकून बसली. पट्टा बांधल्यापासून सुटेपर्यंत जागची हलली नाही. चहासुद्धा नाही. दोन तासांनी चादर वर केली तर पाय सरळ.

"आता तुम्हाला कोणी सांगितलं? मी इथे बसलेय ना!"

"तुम्ही बसला होता," तो गृहस्थ अदबीने म्हणाला. "त्या तुमच्या मागे उभ्या होत्या."

हॉस्पिटलची इमारत तीन वर्षांची. त्याआधी तिथे काजूची बाग होती आणि बागेत काजूखेरीज काही घडल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. आया सुगंधा मावशींनी एकदा देवाला गाऱ्हाणं घालून घ्यायचं सुचवलं. "मावशे, तू लादी पूस," एवढंच फ्लाव्हिया म्हणाली.

आणि मग मंगळवारी भाई गिरकर. कुणकेश्वरचे, दोन होड्यांचे मालक, वॉर्डात आल्यापासून शेजारच्या कॉटला हसवत होते.

"सिस्टर, तुमची ती बाई लय कडक आसा हां. तिका माझ्या होडयेर खलाशांचो तांडेल म्हणान धाडा."

"भाई, कोण बाई नाय. उठा आणि चालाक लागा."

"तू उठ म्हणतस, ती उठू नको म्हणता. मी आयकू कोणाचा? घरात एक बायल आसा ती पुरे नाय?"

"माझा आयका. दारावर पाटी माझ्या नावाची आसा."

"बरा गो बाय," असं म्हणत भाईंनी पाय वाकवला. बाथरूमपर्यंत जाताना ते एकदा थांबले आणि मागे वळून, कोणाची तरी माफी मागावी तसा हात वर केला. फ्लाव्हियाला वाटलं, तिलाच.

त्यांना गोव्याला हलवलं. तिथल्या सर्जनने पोट उघडलं. उजव्या जांघेतल्या धमनीच्या पुढच्या भिंतीला भोक होतं, स्वच्छ, गोल, दोन मिलिमीटरचं. अँजिओप्लास्टीची नळी घालून काढल्यावर राहतं तेवढंच. वरची कातडी मात्र कोरी, सुईचा ठिपकासुद्धा नाही. भाई गुरुवारी पहाटे गेले.

चौकशी समिती शुक्रवारी बसली. समितीचं मत आधीच ठरलेलं होतं: डॉक्टरांनी प्रथम जांघेतून प्रयत्न केला, तो फसला, मग मनगटाकडे वळले आणि नोंद दडवली. कौस्तुभ यांनी सहा वेळा नाही म्हटलं. फ्लाव्हियापुढे छापील फॉर्म आला. टोचल्याची जागा: उजवं मनगट. इतर जागा: नाही. तो फॉर्म तिला तीनदा परत मिळाला आणि तिन्ही वेळा तिने तेच लिहिलं. शेवटी संचालकांनी बोट ठेवलं ते खालच्या ओळीवर. 'पेशंटला मी चालायला लावले.'

"हे वाक्य काढा, सिस्टर."

"खरं आहे ते."

"म्हणूनच काढा."

तिने काढलं नाही. चौकशी सोमवारवर गेली.

शनिवारी सकाळी अकरा वीसला एक टेम्पो थेट पायरीला येऊन लागला. त्यातून आग्नेलला उतरवलं. फ्लाव्हियाचा धाकटा भाऊ, बेचाळीस वर्षांचा, मालवणला जेटीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. नखांत काळं तेल तसंच, ओठ राखेच्या रंगाचे. ईसीजीचा कागद अर्धा बाहेर येईपर्यंतच तिला कळलं होतं. गोवा दोन तासांवर. आग्नेलकडे दोन तास नव्हते.

"मनगट," हात धुता धुता कौस्तुभ म्हणाले.

"जांघ," फ्लाव्हिया म्हणाली.

ते वळले. चार दिवसांत त्यांनी नीट दाढी केली नव्हती. "सिस्टर, तीन वर्षं मी घसा कोरडा करून सांगतोय, जांघेतून नको. अटॅक आलेल्याला तर नकोच. नव्या पोरींना हे तुम्ही शिकवता!"

"शिकवते. पण भाईंच्या धमनीला भोक कोणी पाडलं ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. हे आपण पाडू. कुठे आहे ते ठाऊक असेल, आणि त्यावर माझा हात असेल."

"हे मी कुठल्या रकान्यात लिहू? सोमवारी काय तोंड दाखवू?"

"लिहू नका. माझा भाऊ आहे. सही मी करते."

कौस्तुभ यांनी कोपराने नळ बंद केला, काही तरी पुटपुटले आणि आत गेले.

उजव्या जांघेतून नळी गेली. हृदयाची बंद पडलेली धमनी बारा वीसला उघडली, स्टेंट बसला, पावणेएकला आग्नेल रिकव्हरीत आला. रक्त पातळ करायच्या औषधाचा जोर उतरेपर्यंत नळी आतच ठेवावी लागते. तीन वाजता फ्लाव्हियाने ती स्वतः ओढली आणि उजव्या हाताची तीन बोटं जागेवर रोवली. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर.

"बाय, ल्हान आसताना केस धरून ओढायचंस," आग्नेल म्हणाला. "आता हयसर दाबतंस. सोडूचा नाय म्हणजे नाय."

"बोलू नको. पोटात ओढ बसता."

"माझा गिऱ्हाईक जेटीर उभ्या आसा. इंजिन उघडा टाकून इलंय."

"ऱ्हव दे उभ्या."

तीन वीसला तिने एकेक बोट हलक्याने उचललं. रक्त नाही. सूज नाही. धमनीचा ठोका व्यवस्थित. तिने घट्ट पट्टी बांधली, आणि मग स्टूल अशा बेताने ठेवलं की तिची पाठ भिंतीला टेकेल. मागे माणूस उभा राहायला जागाच उरली नाही. मंगळवारपासून पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. हायवेवरून एसटी गेली. रसिकाने चहा आणला.

तीन पस्तीसला तिच्या लक्षात आलं, आग्नेलचे दोन्ही पाय सरळ आहेत.

"आगू, डावो पाय हलव रे. तो मोकळो आसा."

तो हलला नाही.

"आगू!"

"उजवो तुमचो," आग्नेल म्हणाला. "डावो हलवू नको म्हणता."

तिने कप खाली ठेवला. "कोण म्हणता?"

"बाय, जरा गप ऱ्हव. ती मोजता आसा."

तिने चादर ओढून काढली. डावी जांघ. कातडी कोरी, कुठे ओरखडाही नाही. खाली लिंबाएवढा फुगवटा, आणि तो नाडीसारखा उडत होता.

तिने बोटं रोवली आणि रसिकाला हाक मारली. ती हाक खालच्या मजल्यावर ऐकू गेली असं नंतर सांगतात.

कौस्तुभ सोनोग्राफीचं मशीन ढकलत आले. पडद्यावर तिच्या बोटांच्या बाजूने तांबडी चिळकांडी दिसत होती. त्यांनी भोक मोजलं. दोन मिलिमीटर.

"कोणी टोचलं?" ते म्हणाले. प्रश्न कोणालाच नव्हता. "या बाजूला आम्ही गेलोच नाही. कोणी टोचलं हे?"

ऑपरेशन करणारा सर्जन गोव्यालाच. तो चार वाजता निघाला. रक्ताच्या पिशव्या टांगल्या. फ्लाव्हियाने बोटांचा जोर वाढवला, चिळकांडी बारीक झाली, रक्तदाब शंभरवर थांबला. भोक मात्र वीस मिनिटांनी बुजलं नाही. चाळीस मिनिटांनीही नाही.

चार पंचवीसला तिची बोटं बधिर झाली. रसिकाने जागा घेतली आणि तिच्या हाताखाली फुगवटा ताबडतोब वाढायला लागला. कौस्तुभ यांनी घेतली, तरी तेच. फ्लाव्हियाने दोघांना बाजूला सारलं.

चार चाळीसला तिच्या पंजात गोळा आला. हात आपोआप सुटला.

सगळे जांघेकडे बघत होते.

कातडीत तीन खळगे होते, शेजारी शेजारी. मधला जरा खोल. भोवतीची कातडी दाबाने पांढरी पडलेली. ते भरून येत नव्हते.

पडद्यावर चिळकांडी नव्हती.

रक्तदाब एकशे दहा.

फ्लाव्हियाने बोटं पुन्हा जागेवर न्यायला बघितलं. ती कातडीपर्यंत पोचली नाहीत. पेरभर वर अडली. कशावर तरी, मऊ आणि गार. तिने हात मागे घेतला आणि आपल्या एप्रनला पुसला.

आग्नेलचे डोळे मिटलेले होते. श्वास संथ.

"सिस्टर," रसिका कुजबुजली, "नोंद काय करू?"

"वेळ लिही," फ्लाव्हिया म्हणाली. "नुसती वेळ."

पाच वाजून बारा मिनिटांनी सर्जनचा फोन आला. गाडी बांद्याला पोचली होती, अजून अर्धा तास लागणार होता. फ्लाव्हिया फोन कानाला लावून कॉटशी उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत कडेचा एक खळगा सावकाश भरून आला आणि कातडी सपाट झाली.

खळगे दोन राहिले होते.