कोरे रक्त

टॉलिव्हर मायलेकींचे रक्त तिसऱ्या तपासणीतही कोरे निघाले.

डॉ. विश्राम सपकाळ पडद्यासमोरून उठले नाहीत. अटलांटा शहराच्या कडेला असलेल्या या प्रयोगशाळेतले खूणवाचक यंत्र त्यांनीच उभे केले होते. ते चुकत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही नमुना त्यांनी पुन्हा पुन्हा लावला होता.

"पुरे कर आता," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. इंग्रिड हॅल्व्हर्सन म्हणाल्या. "वेदनाखूण नाही म्हणजे नाही."

"त्यांच्या घराण्याला हाकललं, हे सगळ्या परगण्याला माहीत आहे, इंग्रिड."

"माहीत असून काय उपयोग? कायद्याला खूण लागते."

माणसावर मोठा आघात झाला की त्याच्या जनुकांवर एक रासायनिक खूण बसते. जनुक बदलत नाही, पण त्याचे वागणे बदलते. झोप उडते, दार वाजले की छाती धडधडते. ही खूण मुलांत उतरते, नातवंडांत उतरते. तिचे थर पाहून आघात किती पिढ्यांपूर्वीचा, हे यंत्र सांगत असे.

विलो फोर्क या गावातून १९१९च्या उन्हाळ्यात गोऱ्यांच्या जमावाने एकूण एक काळे कुटुंब एका रात्रीत हुसकून लावले होते. पुढे कचेरीला आग लागली आणि जमिनीचे कागदही गेले. शंभरावर वर्षांनी राज्याने भूमिपरत कायदा केला, तेव्हा कागद नाहीत तर पुरावा रक्तात शोधू, असे ठरले. शास्त्रज्ञांनी सांगितले होते, खूण असेल तर आघात झालेला असतो. कायदा करणाऱ्यांनी ते उलटे करून लिहिले: खूण नसेल तर आघात झालेलाच नाही.

व्हर्नेल टॉलिव्हर नव्वदी ओलांडलेल्या होत्या. त्यांना शेती नको होती, घर नको होते. विलो फोर्कच्या टेकडीवर जुन्या चर्चमागे, त्या रात्रीच्या आधीच वारलेली त्यांची आजी पुरलेली होती. ती टेकडी आता एका खासगी क्लबच्या कुंपणाआड होती. आजीशेजारी आपल्याला पुरावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

नकार कळवायला विश्राम स्वतः गेले. रविवार होता. व्हर्नेल ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या आणि खालच्या पायरीवर, त्यांच्या गुडघ्यांमध्ये, त्यांची मुलगी योलांडा बसली होती. योलांडा स्वतः पासष्टीची. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, धिप्पाड बाई. आई तिच्या पांढऱ्या केसांचे भांग पाडून बोटाने तेल जिरवत होती.

विश्रामनी निकाल सांगितला. योलांडा हसली, पण ते हसू चांगले नव्हते.

"माझे आजोबा मत द्यायला गेले, तर काळा माणूस म्हणून त्यांच्यापुढे वाटाण्यांची बरणी ठेवली. यात वाटाणे किती, सांग. नाही सांगता येत? मग चल घरी. आता तुम्ही माझ्या रक्तातले वाटाणे मोजताय, डॉक्टर."

"मान हलवू नकोस गं," व्हर्नेल म्हणाल्या. "भांडायचं तर ताठ बसून भांड. वेणी वाकडी होते."

विश्रामनी व्हर्नेलना विचारले, "तुमच्या आई त्या रात्रीबद्दल काय सांगायच्या?"

"काही नाही. सात वर्षांची पोर, मक्यात पालथी पडून राहिली होती. कधी बोलली नाही. आठवण आली की मला अशी पायांत बसवायची आणि तेल घ्यायची. तिच्या आईनं तिला तसंच केलं होतं." व्हर्नेलनी बोटे पुन्हा बाटलीत बुडवली. "माझ्या डोक्यात इतकं तेल मुरलंय, बाळा, की तुमची खूण घसरून पडली असेल."

योलांडा खळखळून हसली. विश्राम हसले नाहीत.

गाडीत बसल्यावर त्यांना वृषाली आठवली. लग्न झाल्यापासून दर रविवारी ती त्यांच्या डोक्याला तेल लावायची. केस गेले तरी सोडले नाही. "टकलाला तेल म्हणजे दगडाला अभिषेक," असे म्हणत लावायची. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

ते घरी न जाता प्रयोगशाळेत गेले आणि स्वतःचे रक्त यंत्रात घातले.

यंत्र बनत असताना सगळ्यांनीच आपापले रक्त दिले होते. तेव्हा विश्रामचे कोरे निघाले होते. त्यांच्या आजोबांचे गाव कोयनेच्या धरणात बुडालेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की देवळाचा कळस दिसतो का, हे पाहायला आजोबा काठावर जाऊन उभे राहत. एवढे असून खूण नाही म्हटल्यावर विश्राम म्हणाले होते, "आम्हां सपकाळांची कातडीच जाड." वृषालीला ते सांगितले, तर ती म्हणाली होती, "ती जाड कातडी रोज मी सोसते."

आता पडद्यावर खूण होती. ठळक, दोन पिढ्यांपूर्वीची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती इंग्रिडला दाखवली. इंग्रिडनी त्यांचा जुना, कोरा निकाल शेजारी लावून पाहिला.

"उंदरीण पिलाला चाटते तेव्हा त्याची खूण फिकी होते, हे आपल्याला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण ते फक्त लहानपणी, असं आपण धरून चाललो."

"लहानपणीच नाही. डोक्याला तेल लावणारा आणि लावून घेणारा, दोघांच्याही खुणेला तसंच होतं. आणि खूण पुसली जात नाही, झाकली जाते. झाकणारा हात गेला की वर येते."

"एकट्या तुझ्या रक्तावर कायदा बदलणार नाही, विश्राम. पण योलांडाची खूण वर आणता येईल. तिला सहा महिने आईपासून लांब ठेव. भेट नाही, स्पर्श नाही."

हे त्या दोघींना न सांगणे विश्रामना बरोबर वाटले नाही. ते पुन्हा त्या ओसरीत गेले आणि स्वतःच्या खुणेसकट त्यांनी सगळे सांगितले.

"मी जाते," योलांडा लगेच म्हणाली. "सहा महिने म्हणजे काय! टेकडी मिळेल, आई."

"या देशात मायलेकरांना वेगळं करायला कुणाला कधी जड गेलं नाही," व्हर्नेल म्हणाल्या. "बाजारात उभं करून विकलं, रात्रीतून हाकललं. आता तेच मी माझ्या हातानं करू? तेही मेल्यावर कुठं पडायचं, यासाठी?"

"अगं, पण तुझी आजी—"

"आजीनंच माझ्या आईला हे तेल लावायला शिकवलं. ती मला काय म्हणेल? बस खाली. अर्धं डोकं राहिलंय."

व्हर्नेल त्या शरद ऋतूत गेल्या. शहराच्या स्मशानभूमीत, हायवेच्या कडेला, त्यांना पुरले. विश्राम मातीला गेले होते. ट्रकच्या आवाजात पाद्र्याचे बोलणे नीट ऐकू येत नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात योलांडा आपण होऊन प्रयोगशाळेत आली. केस तिने अगदी बारीक कापून टाकले होते. आल्या आल्या तिने बाही वर केली.

या वेळी खूण दिसली. यंत्राने पिढी सांगितली, ती १९१९शी तंतोतंत जुळत होती.

"दावा मंजूर होईल," इंग्रिड म्हणाल्या. त्यांचा आवाज पडलेला होता. "टेकडी तुमची. आणि कायद्यात सोय आहे, तुमच्या आईंना इथून काढून तिकडे नेता येईल."

योलांडा पडद्याकडे पाहत होती.

"म्हणजे हा माझी आई गेल्याचा दाखला," ती म्हणाली. "ती होती तोवर आम्ही तुमच्या लेखी खोट्या."

तिने बाही खाली ओढली.

"टेकडी मी घेणार. कुंपण काढणार. ज्याचं कुणी तिथं असेल त्यानं यावं, बसावं. पण आई आहे तिथंच राहील. त्या रात्री झोपलेल्या माणसांना उठवूनच बाहेर काढलं होतं. मी तिला उठवणार नाही. माझी वेळ येईल तेव्हा मीही तिच्याशेजारीच, हायवेला."

विश्राम तिला दारापर्यंत सोडायला गेले. पायऱ्यांवर ती थांबली आणि त्यांच्या डोक्याकडे पाहून म्हणाली, "तुमचीही वर आली होती ना?"

"हो."

"आईच्या बाटलीत तेल अजून अर्धं आहे. परवा माझं मी लावून पाहिलं." तिने कापलेल्या केसांवरून हात फिरवला. "नाही होत तसं."

"नाही होत," विश्राम म्हणाले. त्यांनीही लावून पाहिले होते.