पूजेत ठेवलेला पंप

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण "सहदेवला भास झाला असेल" असं मला सांगू नका. सहदेवकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. भुताखेतांची टिंगल करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

साल १९८६. नवरात्रातली अष्टमी. डोंबिवलीच्या पश्चिमेला, जुन्या मिठागराचा बांध...

काकांची मोठी बहीण मंजुळा तिथल्या खाडीकाठच्या गावात दिलेली. तिचे यजमान गोमाजी यांचा वीटभट्टीवर ट्रक होता. मिलिटरीच्या लिलावातून घेतलेलं, पेट्रोलवर चालणारं जुनं धूड.

टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे चढवायला त्याला एक छोटा इलेक्ट्रिक पंप होता, दोन मुठींएवढा. चावी फिरवली की तो टिक-टिक-टिक करायचा. कार्बोरेटर भरला की गप्प व्हायचा.

गणपती गेले आणि हा पंप मध्येच बंद पडायला लागला.

कुठेही नाही. फक्त त्या बांधावर.

काकांनी फ्यूज बदलला. स्विच बदलला. नवी वायर ओढली. अर्थची वायर बॉडीला जोडतात ती जागा घासून चकचकीत केली. पंप उघडून आतले पॉइंटसुद्धा साफ केले. ट्रक दारात उभा असला की पंप शहाण्या मुलासारखा टिकटिकायचा. बांधावर गेला की मुका.

"दाजी, तुमचा ट्रक बांधाला घाबरतो," काका म्हणाले.

"तो नाय रं घाबरत. मी घाबरताव," गोमाजी बोलले. हसले नाहीत.

अष्टमीच्या दुपारी काका स्वतः दाजींच्या शेजारी ट्रकमध्ये बसून निघाले. बांधाचं वळण आलं... इंजिन दोनदा खोकलं... आणि बंद.

काका टेस्ट लॅम्प घेऊन ट्रकखाली सरकले. टेस्ट लॅम्प म्हणजे वायरीला लावायचा बारका दिवा. करंट असला की पेटतो. त्यांनी तो पंपाच्या टोकाला लावला.

लख्ख पेटला.

करंट आहे. अर्थ आहे. मग पंप गप्प का? त्यांनी पान्याच्या दांड्याने त्याला दोन ठोसे दिले. चिकटलेले पॉइंट तेवढ्याने सुटतात.

काही नाही.

वैतागून ते बाहेर आले, बॅटरीची वायरच काढून टाकली आणि पंप खोलायला परत खाली गेले. टेस्ट लॅम्प आता विझलेला होता.

तेवढ्यात...

टिक.

टिक... टिक...

काकांचा हात तिथेच थांबला. बॅटरी सुटलेली. दिवा विझलेला. आणि पंप चालू.

मग डोक्यावरची स्प्रिंग करकरली. केबिन एका बाजूला खाली बसली. कुणीतरी चढून सीटवर टेकावं तशी.

"दाजी, वर चढू नका! मी खाली हाय!" काका ओरडले.

"मी कुठं चढलाव?" गोमाजींचा आवाज मागच्या टायरपाशी आला. "मी हिकडं उभा हाय."

काका कोपरं सोलवटून बाहेर आले. केबिन रिकामी होती. सीट मात्र दबलेली... आणि बघता बघता हळूच वर आली.

भट्टीवरच्या दुसऱ्या ट्रकने ते धूड ओढत घरी आणलं.

मंजुळाआत्याने काकांना मागच्या दारी गाठलं. तिचे डोळे रडून सुजलेले.

"सहदेवा, तो पंप काढ आणि ठाण्याला घेऊन जा. यांना काय पण सांग. पर हा ट्रक चालू नको करू."

"का गो, ताई?"

"यांना कोण तरी हाक मारतंय रं. 'गोमाजी, गाडी काढ' बोलतंय. मी उठून दार उघडते तर कोण नसतं. हे मात्र चप्पल घालून तयार!" तिने काकांचा हात घट्ट धरला. "माझा माणूस वाचव, सहदेवा."

काकांनी वचन दिलं. पंप खोलला, वायरीच्या टोकाला टेप गुंडाळली आणि पंप हत्यारांच्या पिशवीत टाकला. दाजींना सांगितलं, कॉइल जळली आहे, आठवडा लागेल.

पंपाशिवाय पेट्रोल चढत नाही, पेट्रोलाशिवाय गाडी हलत नाही. काका निश्चिंत मनाने ठाण्याला आले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. सगुणाकाकूने पिशवी रिकामी करून सगळं पाटावर मांडलं. पक्कड, पाने, टेस्ट लॅम्प... आणि पंपसुद्धा.

"तो कशाला गं?"

"लोखंडच ना तेही? सणाचं पिशवीत कोंडून ठेवायचं?"

काकांना पटलं. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. पंपावर झेंडूचं फूल वाहिलं. हात जोडले आणि दरवर्षी म्हणतात तेच म्हणाले, "चालू राहा रे बाबांनो."

बंद ठेवायला आणलेल्या वस्तूला हात जोडून चालू राहा म्हटलं! जातीचा मेकॅनिकच असं करू जाणे.

दिवेलागणीची वेळ. काकू समई लावत होती. बाहेर पोरं टिपऱ्या खेळत होती.

टिक.

काकूने वर पाहिलं. "घड्याळ का हो?"

घरातलं घड्याळ बंद होतं.

टिक... टिक... टिक...

पाटावरचं झेंडूचं फूल थरथरत होतं. ना वायर, ना बॅटरी. कुंकवाचा टिळा लावलेला पंप आपसूक चालला होता.

काका झेपावले. काकूने मनगट धरलं. "पूजेतलं उचलू नका! उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नसतं!"

आणि उचलून तरी काय करणार होते? वायर असती तर तोडली असती.

टिकटिक एका लयीत वाढायला लागली. उभ्या आयुष्यात काकांनी हेच आवाज ऐकलेले. त्यांना टिकटिकीवरूनच लांबचा ट्रक दिसत होता. सुरू झाला... हलला... वेग घेतला...

ते अनवाणी धावत शेजारच्या बाबुरावांकडे गेले. त्यांच्याकडे फोन होता. गावात शिवराम दुकानदाराकडे लावला. बऱ्याच वेळाने लागला.

"शिवरामभाऊ, माझ्या दाजींना बोलवा! लवकर!"

"गोमाजी? आत्ताच गेला की ट्रक घेऊन."

"कसा जाईल? ट्रकला पंपच नाही!"

"अरं, दारावरून गेला ना! खाडीच्या अंगाला. हार घातलाय गाडीला."

काकांनी रिसीव्हर कानाशी दाबला. "एकटेच होते?"

"नाय. बाजूला एकजण बसला होता. आपल्या गावचा नव्हता."

फोन कट झाला. परत लागलाच नाही.

काका घरी आले तेव्हा काकू भिंतीला टेकून कानांवर हात धरून बसली होती. पंप पिसाळल्यासारखा टिकटिकत होता. पेट्रोलाऐवजी हवा ओढायला लागला की पंप असाच करतो.

काका पाटासमोर बसले आणि हात जोडून रडले. "बंद हो रे... बंद हो..."

झाला बंद.

मग पंपाच्या तोंडातून बारीक धार लागली. पाटावरून ओघळून फरशीवर आली. काकांनी बोट लावून वास घेतला. पेट्रोल नव्हतं. जिभेला लावलं...

खारट. खाडीचं पाणी होतं ते.

बाबुरावांच्या स्कूटरवरून काका गावी पोचले, तोवर लोक बत्त्या घेऊन बांधावर जमले होते. ट्रकची पुढची चाकं पाण्यात. बॉनेटला हात लावला तर इंजिनाची धग अजून लागत होती. पंपाची जागा मोकळी. वायरीला काकांनीच गुंडाळलेली टेप जशीच्या तशी.

गोमाजी नव्हते. हार घालायला म्हणून ट्रककडे गेले, एवढंच आत्याला ठाऊक. कोळ्यांनी होड्या घालून सगळी खाडी पालथी घातली. चप्पलसुद्धा मिळाली नाही.

दिवाळीच्या आधी आत्याने काकांना बोलावणं पाठवलं. काकांना वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "पंप बसव."

"ताई, तूच तर काढायला लावलास..."

"माझं चुकलं रं. गाडी त्यांना घेऊन गेली, गाडीच आणंल. बसव ना, भावा."

तिच्यापुढे काकांचं काही चाललं नाही. खाडीतून ओढून दारात आणलेल्या ट्रकला त्यांनी पंप बसवला. टेस्ट लॅम्प लावला. करंट होता. अर्थ होता. चावी फिरवली. पंप हूं की चूं करेना. सगळं ठीक असून गाडी मेलेली. काकांनी दुपारभर जीव टाकून प्रयत्न केला.

आत्या केबिनमध्ये बसून होती, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. ऊन उतरलं तरी उठेना.

"ताई, चल. नाही चालायचा हा."

तिने काकांकडे पाहिलं. पदर डोक्यावर सारखा केला, नवऱ्यासमोर घेतात तसा.

"तू जा आता, सहदेवा," ती हळूच म्हणाली. "हे आलेत."

ड्रायव्हरची सीट रिकामी होती. काकांनी नीट बघितलं होतं.

आत्या अजून आहे. कुंकू पुसलेलं नाही, काळी पोत काढलेली नाही. मागच्या वर्षी मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. आम्ही दोघंच होतो, आणि तिने तीन ताटं वाढली. मी मान खाली घालून जेवलो. तिसऱ्या ताटातला भात संपला का, हे बघायची माझी हिंमत झाली नाही.