चेप पडलेलं जोडवं

माझा नवरा हृषिकेश जर्मनीत, येना शहरातल्या एका कंपनीत कॅमेरे बनवतो. चित्रावरच्या रंगाच्या आरपार जाऊन खालचं पेन्सिलीचं रेखाटन दाखवणारे कॅमेरे. या हिवाळ्यात एका छोट्या म्युझियमने त्यांच्याकडे एक जुनं चित्र तपासायला दिलं. कुणा तरुण चित्रकाराचं, अकादमीत शिकत असतानाचं. ग्रीक वेशातली बाई संगमरवरी बाकावर बसलेली, पाय अनवाणी, चेहरा पलीकडे वळवलेला. सगळं मापात आणि इतकं गुळगुळीत, की ब्रशचा एक फटकारा दिसत नव्हता. त्याने फोटो दाखवला तेव्हा मला तर ती साबणाची वाटली.

हृषिकेशला नाही वाटली. जेवताना तिच्याबद्दल, भांडी पुसताना तिच्याबद्दल.

"काय रे, दोनशे वर्षांची सवत आणलीस मला?" मी थट्टेने विचारलं. तो हसलासुद्धा नाही.

मग एकदा इथल्या जर्मन सवयीने सुरुवात करत म्हणाला, "आल्झो वल्लरी, गंमत ऐक. रंगाखाली तिच्या डाव्या पायात जोडवं आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बुटांत टोचतात म्हणून थंडी सुरू होताच मी माझी जोडवी काढून ठेवली होती. ते या माणसाच्या अजून लक्षात आलं नव्हतं!

शनिवारी मी हट्टाने त्याच्याबरोबर लॅबमध्ये गेले. स्क्रीनवर करड्या रेषांत ते पाऊल होतं. जोडव्याला एका बाजूला चेप होती. लग्नात मामीने माझं जोडवं पकडीने दाबून बसवलं, तेव्हा पडलेली, तीच.

घरी येऊन डबी उघडली. आत एकच जोडवं होतं.

"दुसरं तू नेलंस?"

"मी कशाला नेऊ?"

खरंच बोलत होता. त्याला खोटं बोलता येत नाही.

भीतीपेक्षा मला रागच जास्त आला. उरलेलं जोडवं मी पायात घालून घट्ट दाबलं. टोचलं तर टोचू दे. माझा नवरा मी कुणाला देणार नव्हते.

सोमवारी पुन्हा लॅब गाठली. आता तिच्या दोन्ही पायांत जोडवी होती. मी बूट काढला, मोजा काढला. बोटावर नुसता वळ होता.

"बंद कर ते. घरी चल."

त्याने ऐकलं नाही. स्क्रीनवर वाकून हळूच म्हणाला,

"वल्लरी, जरा इकडे बघ ना."

मी त्याच्याकडेच बघत होते.

"हां, अस्संच," तो स्क्रीनला म्हणाला.