ठिपक्यांच्या रेघेचं दार

मला अक्षर येत नाही, पण रेघ कळते. यांनी पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आखून द्यायचं आणि मी कापायचं, असं आमचं आठ महिने चाललं होतं. सलग रेघ असली की कापायची, ठिपक्यांची असली की दुमडायची. यांचे हात आता थरथरतात. ब्लेड यांच्याकडे दिलं असतं तर जहाजाआधी बोटंच सुटी झाली असती.

हे जन्मभर जहाजावर सुतार होते. पण पुठ्ठ्याच्या जहाजाचं खूळ यांचं नव्हे, माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. त्यांचे यजमान, म्हणजे यांचे थोरले भाऊ, यांच्याच जहाजावर इंजिनात कामाला होते. बेचाळीस वर्षांपूर्वी ते जहाज बुडालं. हे परत आले, थोरले आले नाहीत. 'डेकवर माझ्या शेजारी उभा होता, लाटेनं नेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही,' असं यांनी सांगितलं आणि त्या एवढ्याशा बोलण्यावर जाऊबाईंनी सगळं आयुष्य काढलं. आता त्यांची नजर जात चालली होती. एक दिवस येऊन यांना म्हणाल्या, "भाऊजी, दिसतंय तोवर मला ते जहाज आतून दाखवा. कुठं निजायचे, कुठं जेवायचे, तेवढं बघून घेते."

यांना नाही म्हणता येईना.

आधी तळ झाला, मग इंजिनाची खोली, निजायच्या खोल्या, भटारखाना, शिड्या. काडेपेटीएवढी खोली आणि तीत नखाएवढी उशी. दारं सगळी उघडमीट होणारी, म्हणजे तीन बाजू सलग आणि बिजागरीची बाजू ठिपक्यांची. इंजिनाच्या खोलीचं दार मात्र यांनी चारी बाजूंनी ठिपक्यांचं काढलेलं. मला वाटलं, हात चुकला. विचारायला गेले तर हे खुर्चीत घोरत होते. मग मी आपली शहाणी. तीन बाजू कापल्या, दार मोकळं केलं, बाहेरून पुठ्ठ्याची एवढीशी कडी बसवली, ती उघडीच ठेवली. यांना सांगायचं राहून गेलं.

शेवटी कागदाची माणसं केली. थोरल्यांना तांबडा सदरा, यांना पांढरा. बोटाच्या पेराएवढे दोघे, हात अंगालगत. पायाखालच्या पट्टीला खळ लावून दोघांना वरच्या डेकवर कठड्याशी शेजारी उभं केलं, यांनी सांगितलं होतं तसं. मग डेक बसवला. तो चिकटला की आतलं सगळं बंद. गोल खिडक्यांतून बॅटरी मारून बघायचं तेवढं.

दुसऱ्या दिवशी अकराला जाऊबाई आल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "कुठाय माझं जहाज?"

"जेवणाच्या टेबलावर. आठ महिने आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतोय."

हसल्या. चष्मा कपाळावर सारून एकेका खिडकीला डोळा लावू लागल्या.

"इथं निजायचे? पाय कसे पुरायचे?"

"दुमडून निजायचा, वहिनी," हे म्हणाले.

मग खालच्या खिडकीशी त्या थांबल्या.

"भाऊजी... हे तर इथं आहेत."

"कुठं?"

"खाली. दाराशी उभे आहेत..."

मी डेककडे बघितलं. पांढरा सदरा एकटाच होता. शेजारची पट्टी चिकटलेली, तिच्यावर घोट्याशी फाटलेला कागद. मी वाकून खिडकीतून बघितलं. इंजिनाच्या खोलीत तांबडा सदरा दाराकडे तोंड करून उभा होता. दोन्ही हात वर, तळवे दाराला टेकलेले. ते हात मी अंगालगत कापले होते, मला पक्कं आठवतं. शेजारच्या खिडकीतून दाराची बाहेरची बाजू दिसत होती. कडी लागलेली होती.

यांनी बघितलं आणि खुर्ची चाचपत खाली बसले.

"ते दार मी कापायला सांगितलं नव्हतं."

"मला वाटलं, चुकलं तुमचं..."

"चुकलं नव्हतं."

 मग हे जमिनीकडे बघत म्हणाले, "पाणी शिरलं होतं. वरून हुकूम आला, दार लावा, नाहीतर जहाज जाईल. मी लावलं. तो आत होता, वहिनी. मला माहीत होतं. ...जहाज तरीही गेलंच."

जाऊबाई रडल्या नाहीत. डोळा खिडकीलाच होता.

"किती वेळ ठोकत होते?"

यांनी तोंड फिरवलं.

"भाऊजी, किती वेळ?"

"थांबेपर्यंत... मी दाराशीच बसलो होतो."

"काढ गं त्यांना बाहेर," त्या मला म्हणाल्या.

मी डेक कापला. आतला पुठ्ठा फुगून मऊ झाला होता. घरात कुणी थेंब सांडला नव्हता. बोट जिभेला लावलं तर खारट. थोरल्यांना बाहेर काढून वाळवलं, डेक पुन्हा बसवला आणि त्यांना त्यावर चिकटवलं. जाताना जाऊबाईंनी यांच्याकडे बघितलं नाही. दिसत असूनही.

याला आठ दिवस झाले. आज सकाळी हे अंघोळीला गेले आणि मी धूळ पुसायला म्हणून जहाजाशी गेले. डेकवर कुणीच नव्हतं. नुसत्या दोन पट्ट्या. मी वाकले. इंजिनाच्या खोलीचं दार लागलेलं. बाहेर तांबडा सदरा, हात कडीवर. आत पांढरा, तळवे दाराला.

तशीच न्हाणीघराकडे धावले. बाहेरून कडी लागलेली. घरात आम्ही दोघंच, आणि मी ती लावलेली नाही. ओढली तर हे दारातच उभे, पंचा गुंडाळून, ओठ पांढरे.

"अगं, किती वेळ ठोकतोय मी," हे म्हणाले.

मी दहा पावलांवर होते. घर शांत होतं. मला एक टकटकसुद्धा ऐकू आली नव्हती.

यांना खुर्चीत बसवलं आणि मग माझा हात बघितला. कडीला लावलेली बोटं ओली होती. अजून जिभेला लावलेली नाहीत.